पगारबाईंचा उलटा डोंगर

विमल पगारबाई माझ्या दुकानात पहिल्यांदा आल्या, तेव्हा मी त्यांना वाटेला लावायच्याच बेतात होतो. नव्वदचं दशक सरत आलं होतं. नाशकात द्वारकेला माझं डीटीपीचं दुकान होतं, लग्नसराई तोंडावर आली होती आणि पत्रिकांमध्ये नवरदेवाच्या मामांची नावं बसवता बसवता माझा जीव मेटाकुटीला आला होता. बाईंनी खांद्यावरची पिशवी खाली ठेवली आणि विचारलं, "तुमच्या कॉम्प्युटरवर चित्र काढता येतं का हो?" मला वाटलं, यांना पत्रिकेवर टाकायला गणपती हवाय. मी गणपती दाखवू लागलो. "हे नाही," त्या म्हणाल्या, "मला काढायचंय. शाळा सुटल्यावर, तुमचं मशीन रिकामं असेल तेव्हा." मी म्हणालो, "बाई, हे पत्रिकांचं दुकान आहे." त्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, "मग पत्रिकांचंही करून देईन. तुमच्या पत्रिकांवरची फुलं फार वाईट आहेत." ते खरं होतं, त्यामुळे चांगलंच झोंबलं. दुसऱ्या दिवसापासून बाई येऊ लागल्या.

बाईंच्या एकसष्टीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात त्यांच्या शिकवण्याविषयी, त्यांच्या विद्यार्थ्यांविषयी जाणकार मंडळी लिहितीलच. चित्रकलेतलं मला काही कळत नाही. बाईंच्या शेजारच्या खुर्चीत बसून जे पाहिलं, तेवढंच सांगतो.

बाई सातपूरच्या एका शाळेत चित्रकला शिकवत. तैलरंगातली त्यांची डोंगरांची चित्रं नाशकातल्या चित्रकार मंडळींना ठाऊक होती. पण टर्पेंटाइनचा वास त्यांच्या छातीला बाधू लागला, दम लागू लागला आणि डॉक्टरांनी तैलरंग कायमचे बंद करायला सांगितले. जलरंगांत त्यांचं मन रमेना. "मी खोडखोड करणारी बाई. पाण्याचा रंग माझं ऐकून घेत नाही," असं त्या म्हणायच्या. बरेच दिवस त्यांनी काहीच रंगवलं नाही. त्या काळाविषयी त्या माझ्याजवळ एकदाच बोलल्या. "राजाभाऊ, घराच्या खिडकीतून पांडवलेण्यांचा डोंगर दिसतो ना, तर मी पडदा ओढून घ्यायचे." एवढंच सांगून त्या पुन्हा कामाला लागल्या. माझ्या दुकानात त्यांना काय हवं होतं, ते मला त्या दिवशी कळलं.

पहिले काही दिवस बाई माउसशी भांडत होत्या. बाईंचं माहेर सटाण्याकडचं. एरवी त्या अगदी पुस्तकी बोलत, पण चिडल्या की माहेरची बोली बाहेर पडे. "हाई काय शे! मी इकडे नेते आणि हा तिकडे पळतो!" पुढे मी मुंबईहून डिजिटल पेन आणि त्याची पाटी मागवली. हात पाटीवर आणि नजर पडद्यावर, ही कसरत बाईंनी पन्नाशीत शिकून घेतली.

सुट्टीच्या दिवशी त्या जीपने सुरगाण्याकडे जात आणि तिथेच बसून पेन्सिलीने रेखाटन करत. फोटो मात्र काढत नसत. रेखाटन स्कॅनरवर ठेवलं की आधी सगळ्या चित्रावर एक फिकट मातकट रंग चढायचा. मग आकाश, लांबचे डोंगर, जवळचा डोंगर, नागलीची वावरं आणि अगदी शेवटी एखादं झाड. यातलं प्रत्येक वेगळ्या लेयरवर असायचं आणि त्या लेयरना बाईंनी नावं ठेवली होती: आभाळ, लांबचं, मधलं, पायाजवळचं. मला मोठा उत्साह! पडद्यावर झाडाचं एकच पान मोठं करून मी त्याच्या शिरा काढायला सुचवायचो. बाई म्हणायच्या, "आधी डोंगर उभा राहू द्या, मग पानं मोजा." मधूनच उठून त्या दुकानाच्या पायरीपलीकडे रिक्षांच्या गर्दीत जाऊन उभ्या राहत आणि तिथून डोळे बारीक करून पडद्याकडे पाहत. रिक्षावाले त्यांच्यावर हॉर्न वाजवत, त्यांना त्याचं काही नसे. एका दुपारी वीज गेली आणि साठवून न ठेवलेलं अख्खं आभाळ गेलं. हळहळलो मीच. बाई म्हणाल्या, "जाऊ दे, ढग फार गोड झाले होते," आणि वीज आल्यावर त्यांनी नवं आभाळ रंगवायला घेतलं.

त्यांच्या चांगुलपणाविषयी एकच सांगतो. माझे वडील इस्पितळात होते तेव्हा ऐन लग्नसराई होती. शाळा सुटली की बाई थेट दुकानात येत, पत्रिका जुळवत आणि वेलांट्या तपासत. त्या महिन्यात त्यांनी स्वतःच्या चित्राला हात लावला नाही. काही गिऱ्हाइकांचा समज झाला की दुकान बाईंचं आहे आणि मी कामाला आहे. तो समज मी अजूनही दूर केलेला नाही.

आता उलट्या डोंगराविषयी. दोन हजार साल मागे पडलं होतं. शहरातल्या चित्रकारांच्या वार्षिक प्रदर्शनासाठी बाईंनी सुरगाण्याच्या संध्याकाळचं चित्र मोठं छापून दिलं. प्रदर्शनाचे प्रमुख होते निकमसर. निसर्गचित्रात त्यांचा शब्द शेवटचा. "यंत्राचं चित्र भिंतीवर लावायचं, तर उद्या रांगोळीही टाइप करतील," असं ते म्हणाले. बरीच वादावादी झाल्यावर या एका वर्षापुरती परवानगी मिळाली. हे चित्र फसलं, तर बाईंना तो दरवाजा बंद होणार होता, आणि तैलरंगाचा तर आधीच बंद झालेला होता.

उद्घाटनाच्या सकाळी बाई चित्रासमोर उभ्या होत्या. जीपमधून उतरल्यावर डोंगर कुठे दिसतो, हे मला दाखवायला त्यांनी हात उचलला. हात गेला उजवीकडे. चित्रातला डोंगर होता डावीकडे.

"राजाभाऊ, डोंगर उलटा आहे."

घडलं होतं ते असं. तैलरंगांच्या काळात बाई चित्र हातातल्या आरशात पाहून चुका शोधत. कॉम्प्युटरवर तेच काम एका बटणाने होतं. डावं उजवीकडे जातं, उजवं डावीकडे येतं. या चित्रात त्यांनी ते बटण दाबलं आणि शाळेच्या परीक्षा आल्या म्हणून काम मध्येच थांबलं. पुन्हा बसल्या तेव्हा चित्र उलटंच होतं आणि ते त्यांच्या ध्यानात आलं नाही. मावळतीचं ऊन मात्र मनात होतं तसं त्यांनी डावीकडून घातलं.

"कुणाला कळणार आहे, बाई?" मी म्हणालो.

"सुरगाण्याचं कुणी आलं तर?"

"कोण येणार तिथून?"

"मी आलेय ना."

त्यांनी चार लोकांदेखत निकमसरांना सगळं सांगितलं आणि चित्र स्वतःच्या हाताने भिंतीवरून उतरवलं. मला भयंकर राग आला होता, बाईंचा आणि निकमसरांचाही. सर म्हणाले, "पाहिलंत? यंत्राचं हे असं! आता दाबा बटण, होईल सुलटं." मंडळी हसली. बाई म्हणाल्या, "सर, उद्या दुपारी द्वारकेला या. बटण तुम्हीच दाबा."

सर आले आणि त्यांनी बटण दाबलं. डोंगर आपल्या जागेवर आला आणि सूर्य पूर्वेला मावळू लागला. सर पाहतच राहिले. सावल्या चुकीच्या, डोंगराची उजळ बाजू चुकीची, वावरांवरचं ऊनही चुकीचं. बाईंनी पेन उचललं आणि एकेक सावली काढून टाकायला सुरुवात केली. प्रदर्शन चालू असेपर्यंत त्या रोज दुपारी बसत होत्या. सर दुसऱ्या दिवशीही आले, तिसऱ्या दिवशीही आले. यंत्राविषयी त्यांनी पुन्हा काही विचारलं नाही. चहा मात्र प्रत्येक वेळी घेतला.

शेवटच्या दिवशी नवं चित्र भिंतीवर लागलं. लोक बाईंना विचारत होते, सॉफ्टवेअर कोणतं, मशीन कोणतं, किती वेळ लागतो. बाई सगळ्यांना नीट उत्तरं देत होत्या, पण त्यांचा चेहरा उतरत चालला होता. गर्दी कमी झाल्यावर निकमसर आले, बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "विमलबाई, झाडाच्या सावलीत हा जांभळा कुठून आला?"

"मागच्या डोंगराचा उतरलाय, सर."

"हं. थोडा जास्त झालाय."

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मी सरांशी भांडायला पुढे सरसावलो, तर बाईंनी मला हातानेच थांबवलं. "अहो राजाभाऊ," त्या हसत म्हणाल्या, "ते रंगाबद्दल बोलतायत."

आज साठी ओलांडताना बाईंचं काम चालूच आहे आणि त्यांच्या घरच्या खिडकीला आता पडदा नाही. माझ्यासारख्या पत्रिकावाल्याला त्यांनी डोंगराकडे पाहायला शिकवलं, त्याचे आभार मानायला मला शब्द सुचत नाहीत. बाईंना निरोगी, उदंड आयुष्य लाभो. त्यांची नजर, त्यांचा हात आणि त्यांचा श्वास त्यांना शेवटपर्यंत साथ देवो. आणि निकमसरांची क्षमा मागून म्हणतो, बाईंच्या सावल्यांतला जांभळा नेहमी थोडा जास्तच राहो.