आधी माल

नव्या खोक्यांचा वास आला की राहनाळ गावातल्या आमच्या गोदामातली ती दुपार आठवते. लष्कराला सल्ला देणाऱ्या एका अभ्याससंस्थेच्या बाई नकाशा घेऊन आल्या होत्या. पत्रे तापले होते, बाहेर ट्रकची रांग होती. काकांनी मोठ्या कौतुकाने सगळी गोदामं दाखवली आणि म्हणाले, "मॅडम, हितून अख्ख्या मुंबईला माल जातो." बाई शांतपणे म्हणाल्या, "म्हणूनच युद्ध झालं तर पहिला मारा इथे होईल. आधी माल हलवावा, असंच आम्ही सुचवणार आहोत." काकांचं हसू मावळलं. "आन् गावातली मानसं?" "तो आमच्या अभ्यासाचा विषय नाही," म्हणत त्यांनी नकाशाची घडी केली आणि चहा घेतला. पुढे काही वर्षांनी सीमेवर लढाई पेटली, तेव्हा सरकारी माणसं आली आणि औषधांची, धान्याची खोकी भरून ट्रक घाटाकडे निघाले. काकांनी अधिकाऱ्याला विचारलं, "आमी कुठं जायाचं?" तो म्हणाला, "तुमच्याबद्दल काही आदेश नाही." बॉम्ब पडला नाही, लढाईही थांबली. पण ट्रक निघाले त्या संध्याकाळी रिकाम्या गोदामासमोर लेकीला कडेवर घेऊन मी आभाळाकडे बघत उभी होते, आणि आजही विमानाचा आवाज आला की मी आधी तिला घरात ओढते.