चाळीस वॅटचं हायब्रिड

हसू नका असं मी म्हणणार नाही. हसाच. नेरमध्ये हा किस्सा माझ्याशिवाय सगळ्यांनी सांगून झाला आहे, आणि दर वेळी त्यात माझी शेती दोन-चार एकरांनी वाढते. म्हटलं, एकदा खऱ्या मालकाच्या तोंडून होऊन जाऊ द्या. चहा घ्या, निवून जाईल.

तर मी गजू. शाळा नववीत सुटली. मी तिला सोडलं की तिनं मला, यावर घरात अजून एकमत नाही. दिवसा रहीमचाचांच्या दुकानात पाण्याच्या पंपांच्या जळालेल्या मोटारींना तार भरतो, आणि कार्यक्रम असला की आमच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतो. हळद, रिसेप्शन, गणपती, दुर्गा, जे मिळेल ते. वाजवतो म्हणजे काय, हात हलवतो. आमच्या साउंडवाल्याच्या मते जगात ढोलकी हे एकच वाद्य आहे. माझ्या गिटारची वायर त्याच्या मशीनमध्ये गेली रे गेली की तो एक बटण खाली ओढतो, आणि मग कार्यक्रम संपेपर्यंत मी आणि माझी गिटार, दोघंच एकमेकांचं ऐकतो.

तेही चाललं असतं. पण एकदा दारव्ह्याकडची हळद आटोपली, सगळे जेवायला बसले, आणि रोहिणी माझ्याजवळून जाता जाता थांबली.

"गजू, तू आज आलता का रे?"

आता बोला. अख्खा कार्यक्रम मी तिच्या मागे चार हातांवर उभा होतो.

रोहिणी आमची गायिका. वासुदेवकाकांची मुलगी. काकांचं नेरच्या बाजारात बियाण्याचं दुकान आहे, म्हणून मुलीचं नावसुद्धा पेरणीच्या तोंडावरच्या नक्षत्राचं. तिचा आवाज वर चढताना एका जागी किंचित खरखरतो, नवं कापड टरकन फाडावं तसा. मी प्रत्येक गाण्यात त्या एका जागेची वाट पाहत उभा असायचो. आणि ती मला विचारते, आलता का. टोमणा नव्हता हो. खरंच विचारत होती. तेच तर लागलं.

त्या दिवशी ठरवलं, आपला स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर घ्यायचा. गिटारच्या मागे आपलाच डबा, आपलाच आवाज, साउंडवाल्याच्या हातात काही नाही.

पण डबा निवडणं सोपं नसतं. जुन्या पद्धतीच्या डब्यात काचेच्या नळ्या असतात. त्या तापल्या की आवाज असा येतो, जणू कोणी जवळ बसून बोलतंय. पण तो उचलायला दोन माणसं लागतात, आणि आपल्या रस्त्यानं गाडीतून नेला तर नळीचं काय होईल ते सांगायला नको. दुसरा डिजिटल. हलका, मोटारसायकलवर बसतो, आत नाना तऱ्हेचे आवाज भरलेले, जनरेटरची लाईट खालीवर झाली तरी रुसत नाही. पण सगळं कसं प्लास्टिकच्या फुलासारखं. आणि तिसरा हायब्रिड. म्हणजे पुढे एक खरी नळी आणि मागे सगळं डिजिटल. त्यात घुमाराही पाहिजे तेवढा टाकता येतो. बिनघुमाऱ्याच्या आवाजाला आम्ही वाजवणारे कोरडा म्हणतो, घुमारा टाकला की ओला. हे कोरडं-ओलं ध्यानात ठेवा. याच ओल्यावर मी पुढे घसरलो.

हे सगळं मी फोनवर व्हिडिओ पाहून शिकलो, आणि दर तालमीला रोहिणीला सांगायला लागलो. मला मुलींशी बोलता येत नाही. घामच फुटतो. पण नळीबद्दल बोलता यायचं. ती पाण्याची बाटली हातात धरून ऐकायची. कंटाळायची नाही, निदान मला तरी तसं वाटायचं. शेवटी विचारायची, "मंग कोणता घेतो?"

"पाहून राह्यलो," मी म्हणायचो.

खरं सांगू? मला घ्यायचाच नव्हता. घेतला की बोलायचं काय?

रहीमचाचांनी हे सहा महिने ऐकलं. एक दिवस मोटार खोलता खोलता म्हणाले, "बेटा, तू डबा घेऊन राह्यला का लगन करून राह्यला? इतकं तं म्या बीवीले नाही पाह्यलं."

मग उन्हाळ्याच्या शेवटी तालमीत रोहिणीनंच सांगितलं. येत्या शनिवारचं पुसदचं रिसेप्शन तिचा शेवटचा कार्यक्रम. बाबा म्हणतात, आता गाणं पुरे, स्थळं पाहू. ती हे पाण्याच्या बाटलीचं झाकण लावता लावता म्हणाली. मी म्हणालो, "हो का." सहा महिने नळीवर भाषणं देणारा माणूस, आणि त्या वेळी काय सुचलं, तर हो का.

म्हणजे शनिवारी एकच संधी होती. तिला एकदा मी ऐकू यायला पाहिजे होतो. बाकी काही नाही. यवतमाळच्या दुकानदारानं दोन डबे बाजूला काढून ठेवले होते, एक साधा डिजिटल, एक हायब्रिड. दोन्ही चाळीस वॅटचे. कोणता ते संध्याकाळपर्यंत कळव म्हणाला. माझ्या डोक्यात आलं, रोहिणीलाच विचारू. तिनं निवडला, तर डबा अर्धा तिचाही होईल, नाही का?

ती दुपारी दुकानात गल्ल्यावर बसते. मी दुकानाचा नंबर लावला.

"बोला," पलीकडून वासुदेवकाका.

आता शहाण्यानं फोन ठेवला असता. माझ्या मनात होतं तेच बाहेर पडलं.

"हायब्रिडचं विचाराचं होतं."

"विचारा ना भाऊ. कोणतं पाहिजे?"

तुम्ही म्हणाल, अरे, बियाण्याच्या दुकानात फोन करतो आणि तुला समजत नाही? पेरणीचे दिवस, दुकानात गिऱ्हाइकांचा गलका, हायब्रिड म्हटल्यावर तो माणूस कपाशीच्या बियाण्याशिवाय दुसरं काय समजेल? पण सहा महिने मला हायब्रिड म्हणजे एकच वस्तू दिसत होती. मला वाटलं, रोहिणीनं घरी सांगितलेलं दिसतं. माझ्याबद्दल. माझ्या डब्याबद्दल. छाती अशी फुगली म्हणता.

"डिजिटल," मी म्हणालो.

"असंन. रोज नवीन नावं निघून राह्यली, आमच्याच ध्यानात राहत नाही. कोरडवाहू का ओलिताचं?"

बाप्पा. या माणसाला कोरडं-ओलंसुद्धा माहीत. मुलगी गाते ते उगाच नाही, मी मनात म्हटलं.

"कोरडंच बरं," मी म्हणालो. "ओलं काय, वरून पाहिजे तेवढं करता येते."

"वा. म्हणजे विहीर आहे. किती पाहिजे?"

विहिरीचा शब्द गलक्यात मला ऐकू आला नाही. "चाळीस," मी म्हणालो. "पुरते ना चाळीस, मोकळ्यात?"

काकांचा आवाजच बदलला. "पुरते म्हणजे? वीस एकरात आरामशीर होते. लावाचं कुठं आहे?"

"पुसदले. शनिवारी."

"शनिवारी? अजून पाऊस कुठं आहे?"

"नाही आला तंच बरं आहे. आला तं सगळं बुडते."

"धूळपेरणी करता काय?"

त्यातलं मला धूळ एवढंच ऐकू आलं. "धूळ तं राहतेच तिथं," मी म्हणालो. "सवय आहे मले."

"हिंमत आहे भाऊ तुमची. नाव काय म्हणले?"

"गजानन."

"या मंग उद्या, गजाननराव. पोरीले सांगतो, ते काढून ठेवते. चहाले या."

गजाननराव. आयुष्यात मला कोणी राव लावलं नव्हतं. यवतमाळच्या दुकानदाराला फोन करायचंही विसरलो. रहीमचाचांनी विचारलं, काय झालं रे, तर त्यांना म्हटलं, उद्या चहाला बोलावलंय. ते पान्हा हातात धरून माझ्याकडे बघतच राहिले.

दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. काका मला चेहऱ्यानं ओळखत नव्हते; त्यांनी उठून खुर्ची दिली. तिच्यावर बसलेल्या गिऱ्हाइकाला उठवून दिली. मी बसलो आणि समोर पाहिलं. कपाशीच्या बियाण्याच्या पाकिटांची माझ्या छातीएवढी थप्पी, आणि वर चिठ्ठी: गजाननराव, पुसद.

"डिजिटल नावाचं वाण नाही भेटलं," काका म्हणाले, "पण हे त्याच्यापेक्षा सरस आहे."

सांगतो, त्या क्षणी मला सगळं समजलं. विहीर, एकर, धूळ, सगळं एकदम. उठून सांगायला पाहिजे होतं. पण आत पडद्यामागे बांगड्या वाजल्या, आणि मी बसून राहिलो.

काकांनी विचारलं, शेती स्वतःच पाहता का. मी मान हलवली. भाऊ किती, लग्न झालं का, तर नाही म्हणून मान हलवली. ते तेवढं खरं होतं. मग त्यांनी माझा डावा हात हातात घेतला. तारा दाबून दाबून बोटांच्या टोकांना घट्टे पडलेत. त्यांनी तो हात दुकानातल्या सगळ्यांना दाखवला.

"पाहा, याले म्हणते शेतकऱ्याचा हात. आजकालची पोरं डवऱ्याले हात लावत नाही." आणि आत आवाज दिला, "रोहिणी, चहा आण वं. पुसदवाले आले."

रोहिणी ट्रे घेऊन बाहेर आली. डोक्यावरून नीट ओढणी. मला पाहिलं, थप्पी पाहिली, चिठ्ठी वाचली. कप बशीत एकदा किणकिणला, तेवढंच. चेहरा अगदी सरळ.

"हे होय गजाननराव?"

"वीस एकरवाले," काका म्हणाले.

"मंग," ती माझ्यासमोर कप धरून म्हणाली, "ठरलं का गजाननराव? का अजून पाहूनच राह्यले?"

मी तिच्याकडे पाहिलं. तिला सगळं समजलं होतं. आणि मला तिथून हलायचं नव्हतं. खोटा का होईना, त्या खुर्चीवर मी होतो, ती चहा घेऊन समोर होती, आणि तिच्या बापाच्या डोळ्यात माझ्याबद्दल आदर होता. असं पुन्हा कधी होणार होतं?

"तुमी सांगान ते," मी म्हणालो.

"मले इचारता तं," ती म्हणाली, आणि आता तिचा आवाज जरा खरखरला, त्या जागेवर आल्यासारखा, "ज्याच्यात एक तरी खरी नळी आहे, ते घ्या."

"नळी?" काका म्हणाले. "कपाशीत कुठली नळी?"

कोपऱ्यातल्या एका गिऱ्हाइकानं मला निरखून पाहिलं. "वासुदेवराव, हा तं आमच्या पोराच्या हळदीत गिटार घेऊन उभा होता. वाजत काही नव्हतं म्हणा."

मग जो हशा पिकला तो बाजाराच्या चौकापर्यंत गेला. काका रागावले नाहीत. ते बिचारे थप्पीकडे बघत होते. शेवटी एवढंच म्हणाले, "मंग कोरडं काहून म्हणला?"

"तुमी इचारलं म्हणून," मी म्हणालो.

त्याच दुपारी यवतमाळहून हायब्रिड आणला. शनिवारी पुसदला लावला. साउंडवाल्याची वायर काढून बाजूला ठेवली. नळी तापली, आणि पहिल्याच गाण्यात, जिथे रोहिणीचा आवाज खरखरतो, तिथे मी एकच सूर लांबवून तिच्याखाली धरला. ती गाता गाता मागे वळली. अख्ख्या कार्यक्रमात ती कधी मागे वळत नाही.

कार्यक्रम आटोपल्यावर ती माझ्या डब्याजवळ येऊन उभी राहिली. पाण्याची बाटली तिच्या हातात.

"आज आलता तू," ती म्हणाली.

आणि उभीच राहिली. काही तरी ऐकायचं असल्यासारखी. डब्यावर हात ठेवला होता तिनं, तो अजून गरम होता. आता तुम्हीच सांगा, एवढ्या वेळी माणसानं काय म्हणावं?

मी म्हणालो, "चाळीस वॅटच आहे, पण मोकळ्यात पुरते."

तिनं मान हलवली आणि गाडीकडे गेली.

आता राहिली ती पाकिटं. तुम्हाला वाटलं असेल, काकांचं नुकसान झालं. छे. पुसदचं नाव चिठ्ठीवर होतंच, म्हणून त्यांनी पुसदकडच्या एका ओळखीच्या घरी विचारलं, घेता का चाळीस. त्यांची खरोखरची वीस एकर, खरोखरची विहीर. मुलगा पाकिटं न्यायला आला. त्याच खुर्चीवर बसला. काकांनी आत आवाज दिला, रोहिणी चहा घेऊन आली. दिवाळी झाल्यावर लग्न आहे. म्हणजे हिशेबानं पाहिलं तर स्थळ मीच जमवलं. मानपानाला शेला-नारळ माझ्या नावानं निघायला हरकत नाही.

परवा बाजारातल्या गणपतीत आमचा कार्यक्रम झाला. गायला दुसरी मुलगी होती, चांगली गाते, आवाज कुठेच खरखरत नाही. वासुदेवकाका पुढच्या रांगेत बसले होते. आटोपल्यावर काठी टेकत माझ्याजवळ आले आणि डब्याकडे बोट दाखवलं.

"आता ऐकू येते तुहं. कोणतं वाण आहे हे?"

"हायब्रिड, काका."

त्यांनी मिशीत हसून विचारलं, "कोरडवाहू का ओलिताचं?"

"कोरडवाहू," मी म्हणालो. "पाहून राह्यलो, पाणी येते का."