लोकांनी आणलेली भाकर

दोन हजार तीनच्या हिवाळ्यात मला कॉलेजच्या वर्गात एका इस्राएली संदेष्ट्यावर बोलायचं होतं. बाबिलोनला हद्दपार झालेला संदेष्टा. इंग्रजीतून तो मला नीट कळेना. शिकागोत डेव्हन ॲव्हेन्यूच्या मागच्या गल्लीत रेवदंड्याकडच्या एक मराठी ज्यू मावशी राहायच्या. त्यांच्याकडचा जुना मराठी धर्मग्रंथ मागायला मी गेलो.

"नागपूरचा बौद्ध मुलगा अमेरिकेत येऊन आमचा संदेष्टा शिकतोय," त्या म्हणाल्या. "कॉलेजला दुसरं काही मिळालं नाही?"

पण त्यांनीच तो मला समजावला. याजकाच्या घराण्यातला माणूस. राजाबरोबर लोकांना धरून नेलं, त्यांत हाही गेला. कालव्याकाठच्या वस्तीत तो सांगत राहिला की आपलं यरुशलेम शहर पडणार, लवकर परतायची आशा धरू नका. लोक गाणं ऐकावं तसं ऐकायचे आणि घरी जायचे. मग एका संध्याकाळी त्याची बायको गेली. देवाची आज्ञा झाली: रडायचं नाही, पागोटं उतरवायचं नाही, लोकांची भाकर खायची नाही.

"लोकांची भाकर म्हणजे?"

"अरे, मयताच्या घरी चूल पेटत नाही. शेजारी आणतात ती. तुमच्याकडे नाही आणत?"

आणतात. आमच्या वस्तीत पिठलं-भाकरी आणतात.

वर्गात बोलायच्या दोन दिवस आधी दादाचा फोन आला. बाबा गेले. नगरपालिकेत पाण्याचा व्हॉल्व्ह सोडायचं काम करायचे ते. घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच.

"वंदना झाली, सगळं झालं," दादा म्हणाला. "तू येऊ नको. आलास अन् परतीचा व्हिसा नाही भेटला तर? बाबा सगळ्यांना सांगत होते, पोरगा शिकून येईल."

मी "बरं" म्हणालो. जायचं की नाही, हे माझ्याच हातात होतं. मी गेलो नाही.

इस्त्रीचा शर्ट घालून मी वर्गात बोललो. एका मुलीने विचारलं, त्याला रडायची मनाई का होती? मी म्हणालो, त्याचं न रडणं हाच संदेश होता. शहर पडेल तेव्हा दुःख इतकं मोठं असेल की लोकांनाही रडता येणार नाही. प्राध्यापक म्हणाले, छान समजून घेतलंय. पुढे त्याला दृष्टान्तात कोरडी हाडं उठून उभी राहताना दिसतात, तो आशेचा भाग सांगायच्या आधीच वेळ संपला. खरं तर मी तो तयारच केला नव्हता.

ग्रंथ परत द्यायला गेलो तेव्हा मावशींनी विचारलं, "घरी सगळे बरे?"

मी सांगितलं. त्या आत गेल्या, तांदळाची भाकरी आणि उकडलेलं अंडं घेऊन आल्या.

"खा. मयतानंतर आमच्यात भाकरी-अंडंच देतात. आज मी तुझी शेजारीण."

"मावशी, मी जेवून आलोय."

मी जेवलो नव्हतो. त्यांना ते कळलं असावं.

"त्याला देवानं मनाई केली होती," त्या हळू म्हणाल्या. "तुला कुणी केली?"

मी जायला उठलो. त्यांनी भाकरी फॉइलमध्ये गुंडाळून दिली. बसमध्ये ती मांडीवर बराच वेळ गरम होती. खोलीवर येऊन मी ती फ्रिजमध्ये ठेवली. रोज दार उघडायचो, बघायचो, बंद करायचो.

ती खाल्ली असती तर रडू आलं असतं, आणि रडलो असतो तर घरी जावंसं वाटलं असतं. असं मी तेव्हा मनाशी म्हणत होतो. भाकरीवर बुरशी आली तेव्हा मी ती टाकून दिली. नंतरही मला रडू आलं नाही.