पासवर्ड जीपने आला

कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याकडे दोन गोष्टी साठत जातात, जुन्या माउसच्या वायरी आणि किस्से. वायरी भंगारवाला नेतो. किस्से कुणी नेत नाही, ते अशी चार माणसं जमली की बाहेर निघतात.

माझे बहुतेक किस्से हिंगोलीतल्या एका महिला समुपदेशन केंद्राचे. माझं दुकान त्यांच्या भिंतीला भिंत लावून. सासरचा छळ सोसून बाहेर पडलेल्या बायकांच्या फाईली त्या केंद्रात असत, आणि त्या सध्या कुठं लपून राहतात ते पत्तेही. पत्ता नको त्या हाती लागला तर एखादीला ओढत परत नेलं असतं. म्हणून फाईल आणि मेल कुलूपबंद करणारं सॉफ्टवेअर मी बसवून दिलं. कुलूप पक्कं होतं. प्रश्न ते वापरणाऱ्या तिघींचा होता: केंद्रप्रमुख वाठोरे ताई, फाईली सांभाळणाऱ्या नसीम आपा आणि सेनगावचं काम बघणाऱ्या गयामावशी.

*

पहिल्याच दिवशी मी बजावलं होतं. कुलूपबंद फाईल मेलनं पाठवली, तर तिचा पासवर्ड त्याच मेलमध्ये लिहायचा नाही, दुसऱ्या वाटेनं कळवायचा.

गयामावशींनी शब्द पाळला. सेनगावहून फाईल आली आणि पाठोपाठ काळीपिवळी जीपचा ड्रायव्हर दारात उभा. कागद हरवेल म्हणून मावशींनी त्याच्याकडून पासवर्ड पाठ करून घेतला होता. तो गडी वाटभर मोठ्यानं घोकत आला, आणि अडखळला की मागच्या सीटवरचे लोक त्याला पुढचं सांगत होते.

मी फोनवर चिडलो. मावशी शांत. "तुमीच म्हणलात ना, दुसऱ्या वाटेनं पाठवा. फाईल हवेतून गेली, पासवर्ड डांबरीवरून. मग चिडून काहून राहिले?"

*

नसीम आपांची तऱ्हा वेगळी. या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येकाला दोन चाव्या असतात. एक सगळ्यांना वाटायची, तिनं लोक आपल्याला पाठवायचं मेल कुलूपबंद करतात. दुसरी फक्त आपली, तिनं ते उघडतं. ती कुणाला म्हणजे कुणाला द्यायची नाही.

आपांनी नेमकं उलटं केलं. वाटायची चावी पेनड्राइव्हमध्ये घालून कपाटात कुलपाखाली, आणि स्वतःची मागेल त्याला देऊन टाकलेली!

मी डोक्याला हात लावला. आपा म्हणाल्या, "सगळ्यांची वस्तू गहाळ झाली तर सगळ्यांना तकलीफ. म्हणून जपली. माझी काय, माझ्या एकटीची."

सगळ्या चाव्या नव्यानं कराव्या लागल्या. खरं तर मला राग यायला हवा होता. पण ही बाई आयुष्यभर अशीच वागत आली होती, माझ्या सॉफ्टवेअरसाठी काय बदलणार?

याच आपांच्या डेस्कटॉपवर मला एकदा प्रत्येक फाईल दोनदा दिसली, एक कुलूपबंद आणि शेजारी तीच उघडी. ही उघडी कशाला ठेवली, असं विचारलं तर म्हणाल्या, "मग वाचू कशातून?"

*

ताई शिकलेल्या, वकिली केलेल्या. त्या कशाला चुकतील, असं मला वाटायचं. एकदा कळलं की त्या मावशींना पाठवायचं प्रत्येक मेल स्वतःच्याच चावीनं बंद करत होत्या. मावशींकडे ते उघडेना. मग ताई लॅपटॉप पिशवीत घालून एसटीनं सेनगाव गाठायच्या, तिथं मेल उघडून मावशींना वाचून दाखवायच्या, मावशींच्या हातची ज्वारीची भाकरी खायच्या आणि संध्याकाळी परत. कित्येक महिने असंच चाललेलं.

मी चूक दुरुस्त करून दिली. पुढच्या आठवड्यात मावशींचा फोन आला. "दादा, मेल आपोआप उघडून राहिलं. आता ताई येतील का न्हाई?"

*

आता ते केंद्र नाही. मावशी लेकाकडे पुण्याला, आपा थकल्या. भिंतीपलीकडे मोबाईलचं दुकान आलंय आणि दिवसभर गाणी वाजतात. "दादा, जरा या बरं," अशी हाक येत नाही, याचं मला वाईट वाटतं.

*

केंद्र होतं तेव्हा एका सकाळी अशीच हाक आली होती. ताईंच्या टेबलासमोर एक म्हातारा सासरा आणि त्याच्यासोबत गावचा पुढारी. सून लेकरू घेऊन निघून गेलेली, तिचा पत्ता हवा होता. केंद्राची जागा त्या पुढाऱ्याच्याच भावाची, त्यामुळं तोंडावर नाही म्हणायची सोय नव्हती.

ताईंनी नाही म्हटलंच नव्हतं. स्क्रीन त्या दोघांकडं वळवून त्या पासवर्ड टाकत होत्या. फाईल उघडेना. पुन्हा टाकला. पुन्हा तेच.

"बघा बरं दादा, काय झालं," ताई म्हणाल्या.

मी वाकून पाहिलं. कीबोर्डवर कॅप्स लॉकचा हिरवा दिवा चालू होता. तो चालू असला की बरोबर पासवर्डही चूकच ठरतो. सवयीनं माझं बोट त्या बटणाकडं गेलं, आणि ताईंनी माझ्याकडं पाहिलं.

मी बोट मागं घेतलं. "ही फाईल गेली, ताई," मी म्हणालो. "आता कुणालाच उघडायची न्हाई."

पुढाऱ्यानं मला दोनदा विचारलं. मी दोनदा तेच सांगितलं. दोघं पाणी पिऊन निघून गेले. गाडीचा आवाज लांब जाईपर्यंत ताई हलल्या नाहीत. मग त्यांनी ते बटण दाबलं, दिवा विझला.

"दादा," त्या म्हणाल्या, "इतक्या वर्षांत आज पहिल्यांदा तुमी काहीच दुरुस्त केलं न्हाई."