काकांनी काढलेला प्लग

भाच्याच्या मोबाइलचा चार्जर तापला आणि खोलीत तोच वास पसरला, आमच्या टीव्ही गेमच्या अडॅप्टरचा. आमचा तो जुना गेम आता त्याच्या मोबाइलमध्ये चालतो. "मामा, हा कुठंबी सेव्ह होते," तो म्हणाला. मला त्याचाही राग आला.

आमच्या गेममध्ये काहीच सेव्ह होत नसे. ताईच्या हळदीच्या दिवशी सकाळी, मोताळ्याच्या घरी, ती आणि मी पहिल्यांदाच शेवटच्या किल्ल्यापाशी पोहोचलो होतो. तेवढ्यात तिला हळदीला बोलावलं. तिनं गेम पॉज केला, टीव्ही बंद केला आणि तापलेला अडॅप्टर गार फरशीवर सरकवला.

"आलीच मी. हात नोको लावू बे," असं मला बजावून गेली. मीही हळद बघायला मागोमाग गेलो.

आम्ही परत आलो तेव्हा आमचा प्लग खाली पडला होता आणि त्या जागी काकांनी साउंडबॉक्सची वायर खोचली होती. "टीव्ही तर बंदच होता. काऊन फुकट लाईट जाळता?" ते म्हणाले.

ताईनं पिवळ्या हातांनी कॅसेट काढली, फुंकली, परत लावली. पहिली लेव्हल सुरू झाली. ती तिथंच बसून हमसून रडली. बाया गोळा झाल्या. "माहेर सुटून राह्यलं ना पोरीचं," म्हणाल्या. काकांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि स्वतःचेही डोळे पुसले.

तेव्हा मला गेम गेल्याचा राग होता. आता याचा येतो, की काका ते 'माहेरासाठीचं' रडणं अजून प्रत्येक लग्नात कौतुकानं सांगतात. एकदा ताईनं भर पंगतीत खरं कारण सांगितलं. सगळे हसले, आणि काकांनी पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.