सात घरांची शेवटची पोळी

निवृत्तीनंतरचं माझं पोस्टिंग नांदगाव खंडेश्वर. ऑर्डर बायकोने काढली. आर्मीत सतरा वर्षं मी डॉग हँडलर होतो, हवालदार म्हणून बाहेर पडलो. गल्ली मात्र मला मेजर म्हणते. सुरुवातीला मी दुरुस्त करत असे, आता नाद सोडला.

गेल्या उन्हाळ्यात मूर्तिजापूर स्टेशनबाहेर, बंद टपरीच्या खांबाला सुतळीने बांधलेलं एक पिल्लू दिसलं. ग्रेट डेन जातीचं, तीनेक महिन्यांचं. कुणीतरी हौसेने आणलं असणार आणि खुराकाचा अंदाज आल्यावर हौस फिटली असणार. पंजे माझ्या मुठीएवढे आणि बरगड्या लांबूनही मोजता येतील अशा. मी सुतळी कापली. मोटरसायकलवर मागे बायको सुनंदा, तिच्या मांडीवर पिल्लू. गाव यायच्या आत तिने त्याचं नाव बंडू ठेवलंसुद्धा.

दुसऱ्या दिवशी अकोल्याच्या डॉक्टरीणबाईंनी वजन केलं. आठ किलो दोनशे.

"उपाशी राहिलेल्या जनावराला एकदम पोटभर घालायचं नाही," त्या म्हणाल्या. "आणि हे मोठ्या जातीचं पिल्लू. याला लवकर मोठं करायचं नाही, हळू मोठं करायचं. हाडं पक्की व्हायच्या आत वजन चढलं, की पाय वाकतात. कॅल्शियमची बाटली घरात आणू नका. मोठ्या जातीच्या पिल्लांचं खाद्य, मोजून, चार वेळा."

हे मला नवीन नव्हतं. ट्रेनिंगमधले आमचे उस्ताद सांगायचे, कुत्र्याची बरगडी हाताला लागली पाहिजे, डोळ्याला दिसता कामा नये.

रूटीन लागलं. ०६००, ११००, १६००, २००० तास. सुरुवातीला एका वेळेला साठ ग्रॅम. दर रविवारी मी बंडूला उचलून काट्यावर उभा राहायचो आणि आकड्यातून स्वतःला वजा करायचो. वजन आणि बरगड्या पाहून वाटा थोडा वाढवायचा. पाच आठवडे सगळं शिस्तीत चाललं. सहाव्या रविवारी काटा एकदम तीन किलोंनी पुढे गेला. मी काटा तपासला, वाटी तपासली. मग बायकोची चौकशी केली.

"सुनंदा, तू चोरून घालतेस काय?"

"अवो, तुमच्या धाकानं मी सोताच मोजून खाऊन राहिली. त्याले कुठून घालू?"

सोमवारी बंडूने पुढचा डावा पाय टेकला आणि उचलून धरला. नीट पाहिलं. दोन्ही पुढचे पाय मनगटापासून बाहेर वळत होते.

मंगळवारी १०३० वाजता मी गच्चीवर पोझिशन घेतली. दहा मिनिटांत बंडू फाटकाखालून सटकला. आमच्याकडे तव्यावरची शेवटची पोळी कुत्र्याची असते. चांगली रीत आहे, माझी आईही पाळायची. पण गल्लीत घरं सात आणि त्या वेळेला दारात जाणारा कुत्रा एकच. प्रत्येक दारात पोळी, वर तुपाची धार. समोरच्या मंगलाबाईंकडे तर दुधाचा वाडगाही. मंगलाबाई पासष्टीच्या, एकट्या राहतात, आणि गल्ली त्यांच्या शब्दाबाहेर नाही. १०५५ ला बंडू परत आला आणि ११०० वाजता माझ्यासमोर असा बसला, की जन्मात अन्न पाहिलं नाही.

मी खाली उतरलो आणि थेट मंगलाबाईंच्या दारात गेलो.

"उद्यापासून याला काही घालायचं नाही."

"कावून घालू नाही? उपाशी मारून राहिले तुमी त्याले. सारी गल्ली पाह्यते. चिमूटभर दाने टाकता वाटीत."

"त्याचे पाय वाकतायत."

"खाल्ल्यानं कोनाचे पाय वाकतात मेजर? न खाल्ल्यानं वाकतात. फौजेत काळीज काढून घेतात काय मानसाचं?"

चार दारं उघडली. चारही दारांतून त्यांचंच बरोबर असल्याचे चेहरे. माझा आवाज चढला.

"असेच लाड करून एक मारली आहे मी! दुसऱ्याला मारणार नाही. गल्लीला काय बोलायचं ते बोलू दे."

मी घरी आलो. ते वाक्य तोंडातून गेलं, तेव्हा मला स्वतःलाच धक्का बसला.

चौदा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी नाईक होतो. जम्मूकडच्या डोंगरात एक पोस्ट. माझ्याकडे जर्मन शेफर्ड कुत्री होती, शेरी. सुरुंग हुंगायची. रोज पहाटे रोड ओपनिंग पार्टी निघायची, शेरी पुढे, मी मागे. तिने रस्ता तपासल्याशिवाय त्यावर गाडी फिरत नसे. जेवण ड्युटीनंतर, हा नियम. आदल्या दिवशी तिने दोन पाळ्या काढल्या होत्या. सकाळी ०५१५ ला ती रिकाम्या भांड्याशी बसून माझ्याकडे बघत होती. मला राहवलं नाही. भात, मटण, दोन चपात्या घातल्या. ०६०० ला निघालो.

०७२० ला चौथ्या किलोमीटरवर ती थांबली. पोट ढोलासारखं फुगलेलं. ओकारी काढत होती, बाहेर काही येत नव्हतं. भरल्या पोटी चढण चढली आणि जठराला पीळ बसला. मी वायरलेसवर तळाला हाक दिली.

"चार्ली, डॉग कॅज्युअल्टी. गाडी भेजो. ओव्हर."

"चार्ली वन, गाडी नहीं आ सकती. आगे का रोड क्लिअर नहीं है. ओव्हर."

गाडी पुढच्या बाजूने येणार होती आणि तो रस्ता उघडणारी तीच होती. मी तिला खांद्यावर घेतलं. तीस किलो. तपासलेल्या रस्त्याने मागे पळत सुटलो. पोस्ट दिसायला लागली तेव्हा तिचं डोकं माझ्या छातीवर जड झालं. वेळ ०८०५.

रिपोर्टमध्ये वैद्यकीय कारण लिहिलं गेलं. साहेब म्हणाले, तुझा दोष नाही. मी तेव्हाही मानलं नाही, आजही मानत नाही.

डॉक्टरीणबाईंनी बंडूला तीन आठवडे विश्रांती दिली. वाढ शिल्लक आहे तोवर पाय सरळ होतील, वजन आवरलं तर, म्हणाल्या. मी फाटकाला खालून जाळी ठोकली. वर पाटी लावली, 'कुत्र्याला काहीही घालू नये.' कुणीतरी खडूने खाली लिहिलं, 'मेजरलेही.' मी पाटी पुसली नाही आणि जाळीही काढली नाही. सुनंदाशी विहिरीवर, दळणाच्या गिरणीत बायका बोलेनात. ती चिडली, पण माझ्यावर नाही.

"बोलू दे," ती म्हणाली. "पाय सरळ झाले पायजेत फक्त."

तिसऱ्या आठवड्यात बंडू लंगडायचा थांबला. पाय निम्म्याहून जास्त सरळ आले होते. त्या रविवारी अकरा वाजता फाटक वाजलं. मंगलाबाई. हातात एक पोळी, कोरडी, तुपाशिवाय. मी दारातच उभा राहिलो.

"मोजा," त्या म्हणाल्या.

"काय?"

"पोळी मोजा. जेवढी भरन तेवढं त्याच्या वाटीतून काढा. सातही घरचं ठरलं हाये, एका दिवशी एकच घर. आज माह्यी पाळी. पन शेवटची पोळी मी नालीत नाई टाकनार मेजर, सांगून ठेवतो."

पोळी अडतीस ग्रॅम भरली. मी त्या अंदाजाने वाटीतले दाणे काढले. बंडूने पोळी एका घासात संपवली आणि दोघांकडे बघत राहिला. आम्ही दोघांनीही आणखी काही दिलं नाही.

मंगलाबाई ओट्यावर टेकल्या.

"त्या दिवशी तुमी म्हनलं, एक मारली. कोन होती?"

चौदा वर्षांत मी ते नाव कुणासमोर घेतलं नव्हतं. सुनंदासमोरही नाही. ती दारात येऊन उभी होती. मी ताठ उभा राहिलो. तिचा आर्मी नंबर सांगितला, मग नाव.

"शेरी. वय चार वर्षं दोन महिने. ड्युटीवर गेली. उपाशी नेली असती, तर परत आली असती."