बोटं बघणारे भाऊजी

आमच्या भाऊजींना अख्ख्या सुरतेत एकाचाही चेहरा लक्षात राहत नसे. बोटं मात्र गावभरची तोंडपाठ. भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. मोबाइलची ॲप बनवतात. त्यातही त्यांच्याकडे काम एवढंच, की माणसाने पडद्याला बोट लावलं, सरकवलं, दाबून धरलं किंवा दोन बोटांनी ताणलं, तर फोनने त्याचा अर्थ काय घ्यायचा. यात आयुष्य घालवण्यासारखं काय आहे, असं मला लग्न होऊन उधन्याच्या या घरात आले तेव्हा वाटलं होतं. पण भाऊजींच्या मते माणसांचे प्रकारच दोन, टोचणारी आणि चोळणारी. मी टोचणारी. पहिल्यांदा त्यांच्यासमोर फोन हातात घेतला तेव्हा कळवळून म्हणाले, "वहिनी, ते बटण आहे हो, ढेकूण नाही!"

त्यांना बाहेर घेऊन जाणं म्हणजे फजितीला आमंत्रण. गाडीवर वाफवलेल्या डाळीच्या लोचोची बशी हातात गार होतेय आणि भाऊजी मान वाकडी करून बघतायत, शेजारच्या गिऱ्हाइकाचा तेलकट अंगठा फोनवरून पैसे देताना कसा घसरतो ते! ते गिऱ्हाईक बिचारं फोन छातीशी धरून मागे सरकलं. शेवटी गाडीवालाच वैतागला, "भाई, लोचो खावो छे के आंगळीओ जोवी छे?" खायचं की बोटं बघायची, यावर भाऊजींनी मनापासून विचार केला आणि म्हणाले, "दोन्ही."

एकदा कतारगामला मुलगी बघायला गेलो. पोहे झाले, चहा झाला, भाऊजी भिंतीकडे बघत बसलेले. तेवढ्यात मुलीने कुणाचा तरी आलेला फोन कापायला मोबाइल हातात घेतला आणि हे एकदम सावरून बसले. मी मनात म्हटलं, चला, जमलं! रिक्षात बसल्या बसल्या विचारलं, "कशी वाटली?" म्हणाले, "डावखुरी आहे. मागे जायचं बटण तिच्या अंगठ्याला फार लांब पडतं." अहो, पण नाक, डोळे, रंग? "ते बघायचे राहिले," म्हणाले. स्थळ अर्थातच गेलं. मी महिनाभर त्यांच्याशी धड बोलले नाही, पण ते त्यांच्या लक्षातही आलं नाही.

अशा माणसाला बंगळुरूच्या एका मोठ्या कंपनीने बोलावलं. घरात पेढे आले, सगळे खूश, आणि मग एक पंचाईत लक्षात आली. सासूबाईंना फोन उचलताच येत नव्हता. मी दिवसभर शाळेत शिकवायला, आमचे हे हजीऱ्याला कामावर, घरी त्या एकट्या. पोरगा हजार वेळा फोन करील, पण आईचा आवाज त्याला ऐकू कसा येणार?

सासरे गेल्यावर सासूबाईंनी दोन्ही मुलं वाढवली ती धागे काढून. भरतकाम केलेल्या साड्यांचे गठ्ठे घरी यायचे. उलट्या बाजूला लोंबणारा धागा चिमटीत धरायचा, ओढायचा, कापायचा. वर्षानुवर्षं हेच, अजूनही. त्यामुळे त्यांच्या हाताला गोष्ट एकच ठाऊक, चिमटी. फोन वाजला की ते हिरवं बटण वर सरकवायचं सोडून त्या चिमटीत धरून उपटायला बघायच्या. फोन आपला वाजून वाजून गप्प. आमच्याशी मराठी बोलतात, पण मधूनच खानदेशातली अहिराणी बाहेर पडते. "हाऊ फोन माले वळखतच नई, भो," त्या म्हणायच्या आणि फोन पालथा घालायच्या.

भाऊजी सरावासाठी खोलीतून फोन लावायचे, त्या स्वयंपाकघरात घ्यायला बघायच्या. "आई, बोट ठेव. आता वर सरकव. वर, आई, वर!" एकदा त्या कडाडल्या, "दोन पावलांवर तर बसलाय! इथे येऊन बोल की!" रुजू व्हायचा दिवस जवळ आला आणि भाऊजींनी जाहीर केलं, आईला फोन घेता आल्याशिवाय मी जाणार नाही. आमचे हे संतापले. अशी नोकरी दारात पुन्हा येणार आहे का, म्हणाले. सुट्टीच्या दिवशी दुपारभर भाऊजी आईसमोर मांडी घालून बसले आणि ती धागे काढते ते बघत राहिले. मला तर वाटलं, आता यांचं डोकं फिरलं. संध्याकाळी उठले आणि म्हणाले, "वहिनी, मी गाढव आहे. इतके दिवस आईला शिकवत बसलो. फोनला शिकवायला हवं होतं."

मग त्यांनी आईपुरतं एक ॲप बनवलं. फोन वाजला की पडद्यावर कुठेही चिमटी धरायची आणि ओढायची. झालं. पहिल्यांदा वाजला तेव्हा सासूबाईंनी रागारागानेच चिमटी लावली आणि आतून पोराचा आवाज आला. त्या इतक्या दचकल्या, की आत्ताच आपल्या हातची भाकरी खाऊन उठलेल्या पोराला विचारलं, "जेवलास का रे?" आम्ही हसून बेजार. भाऊजी मात्र हसले नाहीत. दोन दिवसांनी ते गेले.

आता रोज फोन येतो, चेहऱ्यासकट. परवा रविवारी मी शेजारी भाजी निवडत होते. बोलता बोलता सासूबाई थांबल्या. पडद्याजवळ वाकून म्हणाल्या, "तुन्ही कॉलरले धागा लटकी ऱ्हायना, भो." आणि सवयीने चिमटी पुढे गेली. पडद्यावर कॉलरपाशी त्यांनी धागा धरला आणि ओढला. फोन आधीच उचललेला, त्यामुळे चिमटीने काहीच झालं नाही. मी हसणारच होते, तेवढ्यात बघते तर तिकडे भाऊजींनी हळूच हात वर नेला, कॉलरवरचा धागा तोडला आणि म्हणाले, "निंघना, माय."

सासूबाईंनी रिकामी चिमटी बाजूला झटकली आणि त्याला विचारलं, आज भाजी कसली केली होती.